भट्टीत सेरियम टाकलं की ड्रॉस खरंच कमी होतो का?

प्रश्न: नमस्कार सर, अंबड एमआयडीसीत आमचं छोटं कास्टिंगचं युनिट आहे. रोजचा माल एडीसी १२ चा (सिलिकॉन-कॉपरवाला ॲल्युमिनियम अलॉय), पण आता एलएम ५ चा (मॅग्नेशियमवाला ॲल्युमिनियम अलॉय) एक जॉब आलाय आणि त्यात ड्रॉस, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणारा ऑक्साइडचा मळ, इतका पडतो की वरचा काढेपर्यंत परत काळपट थर येतो. सप्लायर म्हणतो सेरियम या रेअर अर्थ धातूची मास्टर अलॉय (ॲल्युमिनियममधे सेरियम आधीच मिसळलेला तुकडा) दोन्ही भट्ट्यांत टाका, ड्रॉस पण कमी होईल आणि स्ट्रेंग्थ पण वाढेल. टाकू का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर: भाऊ, एलएम ५ ला ट्राय करून बघा, एडीसी १२ ला मात्र अजिबात टाकू नका.

एलएम ५ मधे मॅग्नेशियम ३ ते ६ टक्के असतं आणि सगळी भानगड तिथेच आहे. नुसत्या ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मूळ धातूच्या साधारण १.२८ पट जागा घेतो म्हणून थर घट्ट बसतो आणि खालचा धातू वाचतो, मॅग्नेशियमचा ऑक्साइड फक्त ०.८१ पट, म्हणजे तो पृष्ठभाग पुरता झाकूच शकत नाही, थर फाटका राहतो आणि हवा आत जात राहते. थोडं सेरियम, लँथेनम किंवा यट्रियम असलं की त्यांचे ऑक्साइड या थरात शिरून फटी भरतात आणि ऑक्सिडेशन मंदावतं. पूर्वी याच कामाला बेरिलियम वापरायचे, पण त्याचा धूर फुफ्फुसांना फार घातक, त्याच्या नादी लागू नका.

थोडं म्हणजे थोडंच हं! सुरुवात ०.०५ ते ०.१ टक्क्याने करा. १० टक्के सेरियमची मास्टर अलॉय असेल तर १०० किलो मेल्टला ०.१ टक्क्यासाठी १ किलो लागेल. जास्त टाकलं की फायदा उलटतो, कारण सेरियम ॲल्युमिनियममधे जवळपास विरघळतच नाही, त्याचे ठिसूळ इंटरमेटॅलिक (दोन धातूंची मिळून बनलेली कडक संयुगं) बनतात आणि इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी धातू किती ताणला जातो ते, पडतं.

एडीसी १२ मधे मॅग्नेशियम ०.३ टक्क्याच्या आतच, मग अडवायचं काय? उलट सेरियम तिथल्या सिलिकॉन आणि कॉपरला धरून बसतं, धातूत सुईसारखे जाड कण तयार होतात, आणि स्ट्रेंग्थ देणारं कॉपरच त्यात अडकतं. सिलिकॉनचे कण बारीक करायचे असतील तर स्ट्राँशियम कितीतरी कमी मात्रेत ते काम करतं. सेरियमवाले हाय टेम्परेचरचे अलॉय असतात खरे, पण त्यात ते ६ टक्क्यांच्या वर घालतात आणि अलॉयच त्या हिशोबाने बनवलेला असतो, आपल्या एडीसी १२ मधे चिमूटभर टाकून ते होत नाही.

पण सेरियमचे पैसे मोजायच्या आधी तुमचा फ्लक्स (मेल्ट साफ करायला टाकतात ती क्षारांची पावडर) बघा. रोजचा सोडियमवाला फ्लक्स एलएम ५ लाही मारताय का? २ टक्क्यांवर मॅग्नेशियम असेल तर सोडियम फ्री फ्लक्सच हवा, नाहीतर माल ठिसूळ होतो आणि दोष विनाकारण दुसऱ्या कशालातरी लागतो. मेल्ट ७५० अंश सेल्सिअसच्या वर जातंय का तेही बघा, घाईत बर्नर फुल सोडला की ड्रॉस वाढणारच.

मग दोन चार्ज (भट्टीचे दोन घाणे) घ्या, स्क्रॅप तेच, टेम्परेचर तेच, होल्डिंगचा वेळ तोच, एकात सेरियम एकात नाही, आणि दोन्हीचा ड्रॉस काट्यावर तोला. सोबत टेन्साइल बार (ताणून तपासायच्या नमुना कांड्या) ओतून टेस्टिंगला द्या, रिपोर्टमधे इलाँगेशनचा आकडा आधी वाचा. मास्टर अलॉय कोरडी आणि प्रीहीट करूनच सोडा, ओली गेली तर धातू अंगावर उडेल.