कॉमन, वाइडस्प्रेड, प्रेव्हलंट की रॅम्पंट: कोणता शब्द कुठे वापरावा?

कॉमन, वाइडस्प्रेड, प्रेव्हलंट आणि रॅम्पंट या चारही शब्दांचा अर्थ शब्दकोशात जवळपास एकच दिसतो, मग लिहिताना निवड कशी करावी, असे आपण विचारले आहे. सोबत निबंधातील दोन वाक्येही दिली आहेत: ‘मोबाईल फोन्स आर रॅम्पंट इन व्हिलेजेस’ आणि ‘अ‍ॅनिमिया इज वाइडस्प्रेड इन विमेन’. इंग्रजी मजकूर तपासण्याच्या कामात हा घोळ माझ्यासमोर सतत येतो. माझ्या मते यांपैकी पहिले वाक्य बदलायलाच हवे. दुसरे चालून जाईल, पण त्यासाठी अधिक नेमका शब्द हाताशी आहे.

रॅम्पंट या शब्दात लिहिणाऱ्याची नापसंती गृहीत असते. जुन्या फ्रेंचमधील ‘चढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला, आणि स्कॉटलंडच्या राजध्वजावर मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारणारा जो सिंह आहे, त्याच्या त्या पवित्र्यालाही रॅम्पंटच म्हणतात. आवरता न येणारी, माजलेली गोष्ट हा त्याचा गाभा असल्यामुळे मराठीत आपण जिथे ‘बोकाळणे’ किंवा ‘ऊत येणे’ म्हणू, तिथे तो शोभतो: भ्रष्टाचार, परीक्षेतील कॉपी, अनधिकृत बांधकामे, नदीचे पात्र झाकून टाकणारी जलपर्णी. खेड्यात मोबाईल बोकाळले आहेत असे म्हणणारे आजोबा जरूर भेटतील, परंतु आपल्या निबंधाचा सूर तसा नाही. तिथे मोबाईलना सरळ ‘कॉमन’ म्हणावे, किंवा वाक्य फिरवून मोबाईलचा वापर ‘वाइडस्प्रेड’ आहे असे लिहावे. वाइडस्प्रेड हा शब्द वस्तूंपेक्षा वापर, नुकसान, पाठिंबा, असंतोष अशा पसरणाऱ्या गोष्टींशी अधिक जुळतो, म्हणून ही फिरवाफिरव. युबिक्विटस हा भारदस्त शब्द मात्र जिथे पाहावे तिथे ती वस्तू आहे अशी खात्री असेल तेव्हाच वापरावा; निबंधात तो बहुधा वजन वाढवण्यासाठीच आणलेला दिसतो.

वाइडस्प्रेडचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर भारतीय हवामान विभागाचा पावसाचा अंदाज वाचावा, कारण तिथे या शब्दाला मोजमाप आहे. एखाद्या विभागातील 76 टक्के किंवा त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस नोंदला गेला, तरच तो वाइडस्प्रेड; 51 ते 75 टक्के केंद्रांवर झाला तर फेअरली वाइडस्प्रेड, 26 ते 50 टक्क्यांना स्कॅटर्ड आणि त्याखाली आयसोलेटेड. ‘कोकणात बहुतांश ठिकाणी, विदर्भात तुरळक ठिकाणी’ ही बातम्यांतील भाषा याच उतरंडीतून आलेली आहे. यात पाऊस किती पडला याचा काहीच संबंध नाही. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे सुरू होणारा ‘हेवी’ हा शब्द त्यासाठी वेगळा ठेवलेला आहे. म्हणूनच पाऊस वाइडस्प्रेड असूनही रिमझिम असू शकतो, आणि एखाद्याच गावाला झोडपणारा मुसळधार पाऊस आयसोलेटेड ठरतो.

पक्षिनिरीक्षकही कॉमन आणि वाइडस्प्रेड हे शब्द असेच वेगळे ठेवतात. बहिरी ससाणा अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडात आढळतो, म्हणजे तो नक्कीच वाइडस्प्रेड आहे, पण सहज कुठेही दिसेल इतका कॉमन नाही. याउलट लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, हंगामात ठाणे खाडीत हजारोंनी उतरतो. तिथे तो कॉमन आहे, मात्र देशभर विखुरलेला नसल्यामुळे त्याला वाइडस्प्रेड म्हणता येणार नाही. थोडक्यात, एक शब्द ‘किती सहज आढळते’ हे सांगतो आणि दुसरा ‘किती दूरवर पसरले आहे’ हे.

आता आपले अ‍ॅनिमियाचे वाक्य. एखाद्या समूहातील किती जणांमध्ये एखादी स्थिती आढळते, हे सांगायचे असेल तेव्हा प्रेव्हलंट हा शब्द घ्यावा, आणि त्यानंतर ‘इन’पेक्षा ‘अमंग’ चांगले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे प्रमाण म्हणजेच प्रेव्हलन्स. ठरावीक काळात नव्याने किती जणांना आजार झाला ते इन्सिडन्स, आणि या दोहोंची गल्लत आरोग्यविषयक लेखनात फार होते. रूढी, समजुती, प्रथा यांच्यासाठीही प्रेव्हलंट योग्य, कारण त्यात निंदा नसते. हुंडा प्रेव्हलंट आहे असे लिहिले तर ती नोंद होते. तोच रॅम्पंट आहे असे लिहिले तर संताप व्यक्त होतो. दोन्ही बरोबर आहेत, निबंधात आपल्याला काय करायचे आहे ते आधी ठरवावे लागते.

राइफ हा शब्दही आपल्याला वाचनात भेटेल. त्याचा अर्थ ‘सुळसुळाट’ असा असून तो नामाच्या आधी सहसा येत नाही. अफवा राइफ आहेत किंवा कार्यालय अफवांनी राइफ आहे, अशीच रचना करावी. एन्डेमिकबाबत मात्र विशेष जपावे. गडचिरोलीत मलेरिया एन्डेमिक आहे याचा अर्थ तो तिथे कायम ठाण मांडून आहे, तर शेकरू भारतात एन्डेमिक आहे याचा अर्थ तो निसर्गात भारताबाहेर कुठेच आढळत नाही. त्यामुळे प्राण्यांविषयी किंवा वनस्पतींविषयी लिहिताना ‘सर्वत्र आढळणारे’ या अर्थाने हा शब्द घातला, तर वाक्य नेमके उलटे होऊन बसते.