जर्मन उतारा वाचताना शब्दकोश जरा उशिरा उघडा

बी१ (मध्यम) पातळीचा तीनशे शब्दांचा उतारा, त्यातला प्रत्येक अनोळखी शब्द शोधला, दोन तास गेले आणि तरी वाक्यांचा अर्थ लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यात शब्दसंग्रहाचा दोष कमीच आहे. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने तुम्ही अर्थ लावत जाताय, आणि जर्मन वाक्य निम्मा अर्थ शेवटी राखून ठेवतं.

पहिलं वाचन पाच मिनिटांचं, शब्दकोशाशिवाय: शीर्षक, नावं, आकडे आणि 'आबर' (पण), 'ट्रोट्सडेम' (तरीही), 'डेसहाल्ब' (म्हणून) असे जोडणारे शब्द. एवढ्यावरून लेखक कुठे वळतोय ते कळतं.

खरं काम दुसऱ्या वाचनात आहे. कर्त्याप्रमाणे बदललेलं क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करा आणि तिथून थेट वाक्याच्या शेवटी जा. 'श्टेल्ट' दिसलं म्हणून 'श्टेलेन' म्हणजे ठेवणं, असं धरून पुढे गेलात की फसलात. क्रियापदाचा उपसर्ग तुटून वाक्याच्या शेवटी जातो: शेवटी 'फोर' असेल तर ओळख करून देणं, 'फेस्ट' असेल तर आढळून येणं, 'आउस' असेल तर प्रदर्शनात मांडणं. उपसर्ग जोडून झाल्यावरच शब्दकोश उघडायचा. 'वेर्डेन'चंही तसंच. शेवटी मूळ क्रियापद असेल तर भविष्यकाळ किंवा अंदाज, भूतकालवाचक धातुसाधित असेल तर कर्मणी, दोन्ही नसतील तर नुसतं 'होणं'.

यानंतर विभक्ती. 'डेन प्रोफेसोर केन्ट डी श्टुडेंटिन निश्ट' या वाक्यात प्राध्यापक पहिला आला तरी तो कर्ता नाही. 'डेन' या आर्टिकलमुळे (नामाआधीच्या, लिंग-विभक्ती दाखवणाऱ्या शब्दामुळे) तो कर्म ठरतो. ओळखत नाही ती विद्यार्थिनी. आर्टिकलवरून नजर घसरली की वाक्य नेमकं उलटं वाचलं जातं, आणि चूक आहे हे कळतही नाही, कारण उलटा अर्थही शक्य वाटतो.

इंग्रजी मध्ये आणू नका, हे मी मुद्दाम सांगेन. 'दास गेस्टर्न फोम आर्त्स्ट फेअरश्रीबेने मेडिकामेंट' अशी रचना आली की आर्टिकल दिसतं पण नाम लवकर येत नाही, आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तिथेच अडकतो. मराठीत ठेवून बघा: 'काल डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध'. क्रमसुद्धा तोच! 'वाइल एर गेस्टर्न क्रांक वार' म्हणजे 'कारण तो काल आजारी होता'. इथेही क्रियापद शेवटीच. बातम्यांमधलं 'एर झाय क्रांक' तर आपल्या 'तो आजारी आहे म्हणे'च्या अगदी जवळचं: बातमीदार दुसऱ्याचं म्हणणं पोचवतो, स्वतः हमी देत नाही. आठवड्याला पाच-सहा ओळींचं लेखी मराठी भाषांतर केलंत तर या रचना लवकर ओळखीच्या होतात.

लांबलचक जोडशब्द शेवटून फोडा. 'क्रांकेनफेअरझिशेरुंग्सबाइट्राग' हा मुळात 'बाइट्राग', म्हणजे वर्गणी किंवा हप्ता. कशाचा, तर आरोग्यविम्याचा. लिंगही शेवटच्या शब्दाचंच, म्हणून पुल्लिंगी आर्टिकल 'डेर'. मधला 'स' फक्त सांधा आहे, त्याचा अर्थ शोधत बसू नका.

तिसऱ्या वाचनात आठ-दहा शब्द शोधा, जास्त नाही. पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि ज्यांच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही अशी क्रियापदं निवडा, विशेषणं बहुधा सोडून चालतं. वहीत सुटा शब्द लिहू नका: नामासोबत आर्टिकल आणि अनेकवचन, क्रियापदासोबत त्याचं शब्दयोगी अव्यय आणि विभक्ती. 'वार्टेन' (वाट पाहणं) एकटं लिहिलं तर 'आउफ' आणि द्वितीया परीक्षेत आठवणार नाही.

वर्गातल्या उताऱ्याशिवाय रोज काहीतरी सोपं वाचा, ज्यात शंभर शब्दांत चार-पाचच अनोळखी असतील. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं 'टॉप-थेमा' बी१साठीच असतं. ते जड वाटलं तर डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओचं 'नाखरिश्टनलाइष्ट' घ्या, त्यातल्या बातम्या सोप्या जर्मनमध्ये असतात. कथा-कादंबरीला हात घालण्याआधी प्रेटेरिटुमची (कथनात येणाऱ्या साध्या भूतकाळाची) अनियमित रूपं पाठ हवीत, नाहीतर 'गिंग', 'लीस', 'श्टांड' शब्दकोशात शोधण्यातच संध्याकाळ जाते. आणि ग्रंथालयातली प्रत १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधीची असेल, तर 'दास' ('की') हे उभयान्वयी अव्यय दोन एसऐवजी एसत्सेटने (ß या अक्षराने) लिहिलेलं दिसेल. ती छपाईची चूक नाही.