दोन डिस्ने, सहा माणसं आणि तीन लाख येन

प्रश्न : आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. २०२० पूर्वी आमच्याकडे डिस्नेचा वार्षिक पास होता, त्यामुळे डिस्नेलँड आणि डिस्नेसी दोन्ही अगदी पाठ आहेत. नोव्हेंबरात सांगलीहून आई-बाबा तीन आठवड्यांसाठी येताहेत. आई ६४, बाबा ६८. आईचे गुडघे दुखतात, बाबा शुद्ध शाकाहारी. मुलं ९ आणि ५ वर्षांची, भारतीय शाळेत जातात. फिरण्यासाठी ३ लाख येन बाजूला काढलेत, त्यातच क्योतोही बसवायचंय. दोन शनिवारी दोन्ही पार्क पूर्ण दिवस करावेत असं मला वाटतं. पत्नी म्हणते एकच पुरे. शिवाय ही पार्क चालवणाऱ्या ओरिएंटल लँड कंपनीचे ५०० शेअर घेतले की दरवर्षी तिकीट मिळतं म्हणे. घ्यावेत का?

उत्तर : दोन्हीही नको आणि एकही नको, दीड करा. एक पार्क आठवड्याच्या मधल्या वारी पूर्ण दिवस आणि दुसरं एका संध्याकाळपुरतं. शेअर घेऊ नका, निदान तिकिटासाठी तरी नको.

आधी तुमचा बेत कागदावर मांडू. ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीनंतर एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार प्रौढांना ७,९०० ते १०,९०० येन आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलांना ४,७०० ते ५,६०० येन पडतं. दोन्ही पार्कांचा दर एकच. ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही आणि तुमच्या सवयीचा वार्षिक पास कोविडनंतर परत आलेला नाही. शनिवारचा वरचा दर धरला तर चार मोठे ४३,६०० आणि दोन मुलं ११,२००, म्हणजे दिवसाला ५४,८०० येन. दोन शनिवारांचे १,०९,६००.

पण खिसा खरा रिकामा होतो तो आत शिरल्यावर. जुना फास्टपास फुकट होता, त्या हिशोबाची सवय असलेल्यांचंच इथे गणित चुकतं. आता लोकप्रिय राइडची रांग टाळायची तर प्रीमिअर ॲक्सेस घ्यावा लागतो, माणशी आणि प्रत्येक राइडला १,५०० ते २,००० येन; शोच्या जागेला २,५००. डिस्नेलँडमध्ये एकट्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’साठी सहा जणांचे १२,०००. डिस्नेसीत ‘सोअरिंग’ आणि फ्रोझनची राइड धरली की २४,०००. जेवणाखाण्याचे माणशी दिवसाला २,००० धरले तर दोन दिवसांचे २४,०००. एकूण १,६९,६००.

आता क्योतो. नोझोमी बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट एका बाजूला सुमारे १४,००० येन. चार मोठ्यांचं जाऊन-येऊन १,१२,०००. नऊ वर्षांच्या मुलाचं अर्धं, म्हणजे १४,०००. धाकटं वेगळी सीट न घेता फुकट. झाले १,२६,०००. दोन्हींची बेरीज २,९५,६००. तीन लाखांतले ४,४०० उरतात आणि क्योतोत रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणजे पार्क एक की दोन यापेक्षा वार कोणता आणि आत काय विकत घ्यायचं, हे आधी ठरवायला हवं. तिकीट दोन्हीकडे सारखं असलं तरी डिस्नेसी वरखर्चाला महाग आहे. तिथल्या मोठ्या राइडची संख्या जास्त, ६ जून २०२४ ला उघडलेल्या फँटसी स्प्रिंग्ज या नव्या विभागाच्या तिन्ही मुख्य राइडना प्रीमिअर ॲक्सेस लागू आहे, आणि रांगा अशा की न घेणाऱ्याचा निम्मा दिवस उभ्यानेच जातो. डिस्नेलँडमध्ये आई-बाबा आणि धाकट्यासाठी न विकत घेता बसण्यासारखं भरपूर आहे : पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, जंगल क्रूझ, आगगाडी, मार्क ट्वेन बोट, इट्स अ स्मॉल वर्ल्ड. परेड तर मुद्दाम बसूनच बघायची असते.

चालण्याचा फरक तुम्ही इतकी वर्षं जाताय म्हणून कदाचित लक्षातही आला नसेल. डिस्नेलँड किल्ल्याभोवती पसरलेलं, बहुतेक सपाट, थकलं की मधल्या चौकात परत यायचं. डिस्नेसी बंदराभोवती गुंडाळलेलं आहे. पूल, उतार, वळसे आणि फँटसी स्प्रिंग्ज तर थेट मागच्या टोकाला. आईंच्या गुडघ्यांसाठी दोन्हीकडे प्रवेशद्वाराजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. मागायला त्यांना संकोच वाटेल, तेव्हा सकाळी आत गेल्या गेल्या तुम्हीच घेऊन टाका. दुपारनंतर शोधत बसलात तर मिळेलच असं नाही.

डिस्नेलँडची उणी बाजूही सांगायला हवी. स्पेस माउंटन ३१ जुलै २०२४ ला बंद झालं, नव्या रूपात २०२७ मध्ये यायचं आहे. बझ लाइटइयर ऑक्टोबर २०२४ अखेर बंद झालं आणि त्या जागी रेक-इट राल्फची राइड ठरली आहे. तिकीट मात्र पूर्वीइतकंच. तुमच्या थोरल्याला हे टोचेल. त्याची भरपाई बिग थंडर आणि स्प्लॅशवर करा, तिथे धाकट्याची उंचीही बघून घ्या : बिग थंडरला १०२ सेंमी, स्प्लॅशला ९०. डिस्नेसीत ‘सोअरिंग’, टॉवर ऑफ टेरर आणि पीटर पॅनला १०२, पण जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ, इंडियाना जोन्स आणि रेजिंग स्पिरिट्सला ११७ लागते. पाच वर्षांचं मूल बहुधा या तिन्हींतून बाद. म्हणजे डिस्नेसीत पूर्ण दिवसाचे पैसे भरून सहापैकी निम्मी माणसं बाहेर पिशव्या सांभाळत बसणार.

म्हणून माझा हिशोब असा. डिस्नेलँड पूर्ण दिवस, मंगळवार ते गुरुवारमधला एखादा वार. मुलं भारतीय शाळेत आहेत हा तुमचा मोठा फायदा; दिवाळीची सुट्टी जपानच्या कामाच्या दिवशी पडते, ती वापरा. प्रौढांचा दर ८,९०० असलेला दिवस धरला तर सहा जणांचे ४६,२००. प्रीमिअर ॲक्सेस फक्त ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा, १२,०००. खाणं १२,०००. एकूण ७०,२००.

डिस्नेसी संध्याकाळी. वीकनाइट पासपोर्ट नावाचं तिकीट सुट्टी नसलेल्या वारी संध्याकाळी पाचपासून चालतं, दर तारखेनुसार ४,५०० ते ६,२००. यात एक गोम आहे : हा दर सर्व वयांना सारखाच. मोठ्यांना तो निम्म्याच्या जवळ येतो, पण मुलांना पूर्ण दिवसाच्या बालतिकिटाहून फारसा स्वस्त नाही, काही तारखांना महागही पडेल. तरी सहा जणांत फायदाच राहतो. अगदी वरचा दर धरून ३७,२०० आणि हलक्या खाण्याचे ६,००० मिळून ४३,२००. दोन्ही मिळून १,१३,४००. तुमच्या बेतापेक्षा ५६,२०० कमी. क्योतोचा प्रवास वजा करून ६०,६०० हातात राहतात, त्यात तिथली एक रात्र नीट निघते. क्योतोत दोन रात्री राहायचंच असेल तर डिस्नेसीची संध्याकाळ सोडा आणि पत्नीचं म्हणणं मान्य करा. ते चुकीचं नाहीच.

नोव्हेंबरात पाचच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळच्या तिकिटात डिस्नेसीचं सगळ्यात देखणं रूप मिळतं. आत शिरल्यावर आधी बंदरातून निघणारी ट्रान्झिट स्टीमर पकडा. रात्रीच्या शोसाठी बंदर मोकळं करतात तेव्हा तिथली बोट थांबते, नंतर हळहळून उपयोग नाही. वारा जोराचा असेल तर ‘बिलीव्ह! सी ऑफ ड्रीम्स’ शो कापतात किंवा रद्द करतात, म्हणून शोच्या जागेसाठी सहा जणांचे १५,००० घालू नका. कडेला उभं राहूनही दिसतो. आई-बाबांना समुद्रावरचा वारा बोचेल, सांगलीच्या थंडीचे कपडे पुरणार नाहीत.

अडचण एकच आहे. धाकट्याला एल्साच हवी असेल तर संध्याकाळी पाचला फ्रोझनचा प्रीमिअर ॲक्सेस बहुधा संपलेला असतो, आणि पेंगुळलेल्या पाच वर्षांच्या मुलाला रात्री त्या रांगेत उभं करणं म्हणजे शिक्षा. तसं असेल तर अदलाबदल करा : डिस्नेसी पूर्ण दिवस, डिस्नेलँड संध्याकाळी, तिथे इलेक्ट्रिकल परेड आई-बाबांना बसून बघता येईल. तिकिटाचा खर्च तोच. फ्रोझनचा ॲक्सेस मात्र तुम्ही आणि दोन मुलं एवढ्यांचाच घ्या, ६,००० येन. सहाच्या सहा जणांनी प्रत्येक ठिकाणी बसलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? हा ॲक्सेस पार्कात शिरल्यावरच ॲपवरून घेता येतो. म्हणून फाटकातून आत पाऊल पडताच आधी तेच काम करा, फोटो नंतर. रांग टाळू देणारा फुकटचा प्रायॉरिटी पास ज्या राइडना उपलब्ध दिसेल तोही लगेच घ्या.

बाबांच्या जेवणाचं आधी ठरवा. आत डबा न्यायला परवानगी नाही, पण दोन्ही पार्कांच्या बाहेर पिकनिकची जागा आहे आणि त्याच दिवशी परत आत येता येतं. घरचे धपाटे आणि दही दुपारी बाहेर बसून खाल्लं तर बाबांचा प्रश्न सुटतो आणि १२,००० मधले निम्मे वाचू शकतात. आतल्या जपानी रश्श्यात आणि करीत मांसाचा किंवा माशाचा अर्क असतो. डिस्नेसीतल्या कास्बा फूड कोर्टाचं नाव अरबी आणि सोबत नान मिळतं म्हणून तिथली करी शाकाहारी असेल असं धरून चालू नका. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या चालतात; काचेच्या बाटल्या आणि धातूचे कॅन नाहीत.

डिस्नेच्या हॉटेलात राहण्याचा मोह तुमच्या प्रश्नात नाही, पण आई-बाबा आले की तो येतो. त्यातून मिळणारी पंधरा मिनिटं आधीची एंट्री तुमच्यासाठी त्या पैशाच्या मोलाची नाही. कासाई स्थानकाहून शटल-सेव्हन बस थेट जाते, किंवा कासाई-रिनकाई-कोएनहून केइयो लाइनवर माइहामा, म्हणजे पार्कांचं स्टेशन, एकाच स्टेशनावर. वाचलेले पैसे परतीच्या टॅक्सीला ठेवा, आईंना तेच जास्त सुखाचं.

आता शेअर. ही दोन्ही पार्क डिस्नेच्या मालकीची नाहीत, ओरिएंटल लँड ती परवान्यावर चालवते, आणि भागधारकांना एका दिवसाचं तिकीट देते हे खरं. एप्रिल २०२३ मध्ये एका शेअरचे पाच झाल्यावर नेहमीच्या योजनेत वर्षाला एका तिकिटासाठी ५०० शेअर लागतात. १०० शेअरवाल्यांना अनेक वर्षं धरून ठेवल्यावर मिळणारी सवलत वेगळी आहे. शेअर ३,००० येनला धरला तर १५ लाख येन गुंतवून वर्षाला एक तिकीट, फार तर १०,९०० चं. म्हणजे पाऊण टक्काही नाही. वर लाभांश येतो, पण तोही किरकोळ. उलट शेअर १० टक्के पडला तर १,५०,००० गेले, त्यात जवळजवळ चौदा तिकिटं आली असती. २०२४ च्या सुरुवातीच्या उच्चांकावर ज्यांनी घेतले त्यांना याहून मोठी घसरण पाहावी लागली. कंपनीवर विश्वास असेल, दहा वर्षं धरायचे असतील, तर तो वेगळा विचार. तेव्हाही तिकीट हे कारण असू नये.

आणि पैसे कुठून येणार तेही बघा. २०२४ पासूनच्या निसा या जपानमधल्या करमुक्त गुंतवणूक खात्यात वैयक्तिक शेअर फक्त वाढीच्या कोट्यातून घेता येतात, वर्षाला २४ लाख येन. त्यातले १५ लाख एकाच कंपनीत गेले की विविधतेला जागा उरत नाही. जपान कायमचं सोडताना निसा तसंच ठेवणं अवघड असतं, बहुतेक ब्रोकर विकायला किंवा साध्या खात्यात हलवायला सांगतात. भारतात परतून पूर्ण निवासी झालात की हे शेअर प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दरवर्षी दाखवावे लागतात, एकच तिकीट मिळत असलं तरी.

बाबा ‘तिकिटांचे पैसे मी देतो’ म्हणतीलच. त्यांना भारतातलं कार्ड काढू देऊ नका. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. द्यायचेच असतील तर रुपयांत तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या) खात्यात देऊ देत, आई-वडिलांनी दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही.

तारीख ठरवताना ३ आणि २३ नोव्हेंबरच्या सुट्ट्या टाळा, तसंच १३ आणि १४ हेही : त्या दिवशी अनुक्रमे इबाराकी आणि साइतामा या जवळच्या प्रांतांचा प्रांतदिन असतो, शाळा बंद आणि पोरं सगळी माइहामात. दोन महिने आधी त्याच तारखेला दुपारी दोन वाजता विक्री उघडते. तुमच्या जपानी कार्डावरून सहाही तिकिटं एकाच खात्यात घ्या, म्हणजे ॲक्सेस आणि पास सगळ्यांना एकदम काढता येतात. परतावा मिळत नाही, तारीख मात्र बदलता येते आणि दराचा फरक भरावा लागतो. आई-बाबा उतरल्यानंतरचे पहिले चार दिवस मोकळे सोडून पुढची तारीख घ्या.