वाम एवढी खोल जाते, फुग्याचं काय होतं?

प्रश्न : युरोपातली वाम अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रापर्यंत ५ हजार किमी पोहते म्हणे, मग इतक्या खोल पाण्यात तिची तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी चेपत नाही का?

उत्तर : चेपते ना! रात्री ती साधारण २००-३०० मीटरवर असते, दिवसा ६०० च्या खाली, तिथे प्रेशर पृष्ठभागाच्या ६० पट, म्हणजे नवा गॅस भरला नाही तर पिशवी पार चिंचोक्याएवढी. पण पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी ॲसिड सोडतात, त्याने रक्तातला ऑक्सिजन सुटून आत जातो, शिवाय निघण्याआधीच भिंतीत ग्वानिन नावाच्या चकचकीत पदार्थाचा चंदेरी थर वाढतो, गळती कमी. खरी डोकेदुखी म्हणजे १९८० च्या दशकात आशियातून युरोपात पोचलेला एक जंत, पिशवीतच बसून रक्त पितो मेला.