चौथा फेंट झाला की चौघंही बाहेर: मॅक्स लेअरमध्ये टिकायचं कसं?

या वेळी गेमिंगच्या प्रश्नांमध्ये पोकेमॉन स्वोर्ड आणि शिल्डचेच जास्त आहेत, त्यातही क्राउन टुंड्रा या जोड-भागातल्या मॅक्स लेअर नावाच्या गुहेचे. तिथे चौघं मिळून एकामागोमाग चार फाइट खेळतात, तीन वाटेतल्या आणि शेवटची लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि ताकदवान पोकेमॉनशी; या खेपेला डायनामॅक्स अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. क्राउन टुंड्रा ऑक्टोबर 2020 मध्ये आला, पण सेकंडहँड स्विच घेऊन आत्ता खेळायला लागलेले पुष्कळ जण दिसतात, त्यामुळे चार प्रश्न एकत्रच घेतोय.

आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. डायनामॅक्स अ‍ॅडव्हेंचरच्या पहिल्या तीन फाइट आरामात मारतो आणि शेवटच्या लेजंडरीपाशी दोन-तीन टर्नमध्ये पार वाट लागते. लेव्हल वाढवायचा काही मार्ग आहे का? – एक वाचक, नाशिक

लेव्हल वाढवायचा मार्ग नाही, कारण तिथे आपले पोकेमॉन नेताच येत नाहीत, सगळ्यांना लेव्हल 65 चे रेंटल, म्हणजे तेवढ्यापुरते भाड्याचे पोकेमॉन मिळतात आणि ते एका अर्थी बरंच आहे, कालच गेम घेतलेला आणि चार वर्षं खेळणारा दोघं एकाच पायरीवर उभे राहतात. तुमची अडचण लेव्हलची नाहीच. तुम्ही पहिल्या तीन फाइट "मारता", आणि तिथेच सगळा खर्च होतो असं मला वाटतं. एका फाइटमध्ये गेलेला एचपी (पोकेमॉनचा जीव) पुढच्या फाइटला आपोआप भरत नाही, पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) पण नाही, आणि फेंट, म्हणजे एचपी संपून पडलेले पोकेमॉन, मोजले जातात ते पूर्ण टीमचे मिळून, पहिल्या फाइटपासून. चौथा झाला की चौघंही बाहेर. म्हणजे तुम्ही दुसऱ्या फाइटमध्ये घाई करून दोन घालवले असतील तर लेजंडरीसमोर एकाच फेंटची मुभा उरते, दुसरा झाला की संपलं, आणि लेजंडरी एका टर्नमध्ये एकापेक्षा जास्त वेळा मारतो हे तुम्ही बघितलंच असेल.

म्हणून माझं ठाम मत आहे की चौघांपैकी एकाने तरी मारामारी सोडून द्यावी. लाइफ ड्यू किंवा हील पल्स या एचपी परत देणाऱ्या मूव्ह असलेला, नाहीतर रिफ्लेक्ट, लाइट स्क्रीन या डॅमेज कमी करणाऱ्या मूव्ह टाकणारा रेंटल यादीत दिसला की डोळे झाकून उचला. लोक अशांना हात लावत नाहीत, सगळ्यांना मोठ्ठा डॅमेज हवा असतो, पण लाइफ ड्यू एका टर्नमध्ये तुम्हाला आणि तुमच्या साथीदारांना, सगळ्यांनाच पाव पाव एचपी परत देते, आणि चार फाइट लांबच्या प्रवासात त्याचा उपयोग कुठल्याही हायपर बीमपेक्षा जास्त होतो.

दुसरं म्हणजे रस्ता. नकाशावर फांद्या फुटतात तिथे प्रत्येक पोकेमॉनची सावली आणि एक टाइप दिसतो, मग सगळे मत देतात. बहुतेक टीम "सोपा कोण" बघून मत देतात. तुम्ही "शेवटी उपयोगी कोण" बघून द्या, कारण हरवलेला पोकेमॉन पकडला जातो आणि कोणीतरी एक जण आपला रेंटल देऊन तो घेऊ शकतो. समजा शेवटी झॅपडॉस आहे. त्याला रॉक आणि आइस जड जातात, आणि रायडॉनसारखा ग्राउंड-रॉक मिळाला तर विजेच्या मूव्ह त्याला लागतच नाहीत, फ्लाइंगच्या मूव्ह अर्ध्याच लागतात आणि वर त्याची रॉक स्लाइड दुप्पट बसते. असा एक जण टीममध्ये आला की फाइटचं चित्रच बदलतं. मग त्यासाठी वाटेतली एक अवघड फाइट घ्यावी लागली तरी चालेल.

ग्राउडॉनचं मात्र वेगळं आहे, तिथे पुष्कळ जण फसतात. ग्राउंड टाइप म्हणून सगळे पाण्याचे पोकेमॉन घेऊन जातात, पण ग्राउडॉन येतो तोच ड्रॉट घेऊन, कडक ऊन पडतं आणि पाण्याच्या मूव्हची ताकद अर्धी होते. त्यापेक्षा सोलर बीम असलेला गवताचा पोकेमॉन बघा, त्या उन्हात ती मूव्ह एका टर्नमध्येच सुटते, थांबावं लागत नाही. त्याची प्रेसिपिस ब्लेड्स चौघांना एकदम लागते, उडणाऱ्यांना सोडून, तेव्हा फ्लाइंगवाला जरूर ठेवा, आणि कुणाकडे वाइड गार्ड असेल तर ती मूव्ह पूर्ण टीमला वाचवते. विल-ओ-विस्प असेल तर पहिल्याच टर्नला मारा, भाजला की त्याच्या फिजिकल मूव्ह निम्म्या होतात. पहिल्याच टर्नला म्हणतोय कारण एकदा त्याने शिल्ड, म्हणजे संरक्षक कवच, उभी केली की स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट डॅमेज न करणाऱ्या मूव्ह, त्याच्यावर चालत नाहीत, तेव्हा टर्न फुकट जातो.

शिल्ड असताना डॅमेजचा हिशोब सोडा, फक्त दर टर्नला सगळ्यांनी मारत राहा, कोणी बसून राहू नका. डायनामॅक्स होऊन, म्हणजे पोकेमॉन राक्षसी आकाराचा करून, मारलेल्या मॅक्स मूव्हने शिल्ड जास्त तुटते आणि पूर्ण तुटली की बॉसचा डिफेन्स धाडकन खाली येतो, खरा डॅमेज करायची वेळ तीच. डायनामॅक्सची पाळी फिरत फिरत येते, तुमच्याकडे आली आणि कुणाचा एचपी काठावर असेल तर स्टील टाइपची मॅक्स स्टीलस्पाइक किंवा ग्राउंडची मॅक्स क्वेक मारा. पहिलीने सगळ्या टीमचा डिफेन्स वाढतो, दुसरीने स्पेशल डिफेन्स. डॅमेज थोडा कमी झाला तरी चालतो, फेंट वाचतो.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. तो आणि न्यू जर्सीतला त्याचा मावसभाऊ रविवारी एकत्र हा गेम खेळतात, बाकी दोन जण अनोळखी येतात. हरले की "त्या लोकांमुळे हरलो" म्हणून रडारड होते. त्याला काय सांगू? – एक आई, ठाणे

ताई, आधी एक सोपा उपाय. सुरू करताना आठ आकडी लिंक कोड टाकायची सोय आहे, दोघांनी आधी ठरवलेला तोच कोड टाकला तर अनोळखी लोकांशी जोडलं जायची शक्यता फारच कमी होते, आणि उरलेल्या दोन जागा गेमच भरतो. अर्धी रडारड तिथेच थांबेल.

राहिली अर्धी. त्याला विचारा, पकडलेला पोकेमॉन कोणी घ्यायचा हे तुम्ही कसं ठरवता? माझ्या मते या गेममधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि मुलांना ती पटकन समजते. नवीन पोकेमॉन घेतला की तो पूर्ण एचपीने येतो. म्हणजे ज्याचा पोकेमॉन मरायला टेकलाय त्याने तो घेतला तर टीमचा एक फेंट वाचला. पण होतं काय, सगळेच "मला हवा" दाबतात, गेम मग त्यातला कोणी तरी एक निवडतो, आणि भरलेल्या एचपीवाल्यालाच तो मिळतो. तिथे बोलायची सोय नसते, समोरचा कोण, कुठल्या देशातला काही माहीत नाही, तरी आपण "नको" दाबून त्याला जागा देऊ शकतो. तुमचा मुलगा आणि त्याचा मावसभाऊ फोनवर बोलत खेळत असतील तर दोघांनी एवढंच ठरवावं, ज्याचा एचपी कमी त्याने घ्यायचा. वाटेत बेरी मिळते तो रस्ता निवडायचा की नाही हेही तसंच, सगळ्यात जखमी कोण ते बघून.

आणि हरले तरी पकडलेल्या तीनपैकी एक घरी नेता येतो, डायनाइट ओअर, म्हणजे मॅक्स लेअरमध्ये चालणारं चलन, तेही मिळतं, ते त्याला दाखवा. मध्येच रागावून स्विच बंद करू देऊ नका, वारंवार सोडून जाणाऱ्याला पुढच्या वेळी ओअर भरावं लागतं आणि इकडे बाकीच्या तिघांचा डाव बिघडतो.

दादा, माझ्याकडे ऑनलाइन सबस्क्रिप्शन नाही. एकट्याने जमेल का? – सातवीतला वाचक, कोल्हापूर

जमेल रे. बाकी तिघे कॉम्प्युटरचे येतात आणि त्यांना पण रेंटलच मिळतात. फायदा असा की रस्ता तूच ठरवणार, कुणाशी वाद नाही. तोटा असा की ते कधी कधी शिल्डवर स्टेटस मूव्ह मारून टर्न वाया घालवतात आणि त्यांचे फेंट तुझ्याच हिशोबात येतात. म्हणून एकट्याने खेळताना तू स्वतः जाड, पटकन न मरणारा पोकेमॉन घे, वेगवान आणि नाजूक नको. सायंटिस्ट भेटला तर तुझा पोकेमॉन बदलून दुसरा देतो, पण कोणता देईल ते सांगता येत नाही, तेव्हा तुझा खरोखर निरुपयोगी असेल तेव्हाच बदल. आणि मित्राकडे स्विच असेल तर शेजारी बसून लोकल वायरलेसवर खेळा, त्याला सबस्क्रिप्शन लागत नाही.

लेजंडरी पकडला पण शायनी नाही निघाला. ठेवू की सोडू? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

शायनी, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन, हवाच असेल तर सोडा. एका सेव्हमध्ये प्रत्येक लेजंडरी एकदाच घेता येतो, घेतला की मॅक्स लेअरमध्ये तो पुन्हा पकडता येत नाही, न घेता सोडला तर परत त्याच्या मागे जाता येतं. इथे शायनीचं प्रमाण 300 मध्ये 1 आहे, शायनी मिळायची शक्यता वाढवणारी शायनी चार्म ही वस्तू असेल तर 100 मध्ये 1, आणि ते वाटेतल्या तिन्ही पोकेमॉनना पण लागू आहे, म्हणून शेवटच्या स्क्रीनवर निवड करण्याआधी चौघांचीही समरी उघडून बघा. घाईत ए दाबून वाटेतला शायनी हातचा घालवणारे खूप आहेत.

तुमच्या व्हर्जनमध्ये जो येत नाही, म्हणजे स्वोर्डवाल्यांना कायोगर आणि शिल्डवाल्यांना ग्राउडॉन, तो दुसऱ्याच्या अ‍ॅडव्हेंचरमध्ये सामील होऊन पकडता येतो. आणि बॉल कुठलाही फेका, तिथे फेकलेला बॉल चुकत नाही, साध्या पोके बॉलमध्येही लेजंडरी येतो, तेव्हा महागडे अल्ट्रा बॉल वाया घालवू नका, पोकेमॉनच्या रंगाला शोभेल तो वापरा. लुगियाला मून बॉल छान दिसतो.