'काही अक्षरं चुकीची दिसू शकतील' अशी सूचना येणारा ईमेल स्क्रीन रीडरवर वाचता येतो का?

येतो, आणि बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. मला दिसत नाही, ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार मी एनव्हीडीएवर ऐकतो; हा स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजेच स्क्रीन रीडर. ही सूचना मला पहिल्यांदा भेटली अल्पाइन या मेल प्रोग्राममध्ये. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, तुमचा डिस्प्ले यूएस-आस्कीवर आहे, काही अक्षरं चुकीची दिसू शकतील, असं पुराण दर मेलच्या आधी. (यूटीएफ-८ आणि यूएस-आस्की ही अक्षरं साठवायच्या पद्धतींची, म्हणजे एन्कोडिंगची, नावं.) मी मेल न वाचताच बंद करायचो. नंतर कळलं, अख्ख्या इंग्रजी पत्रात गोची एकाच जागी असायची: 'डोन्ट'मधला तो वळणदार अपॉस्ट्रॉफी. बाकीचं पत्र धडधाकट!

या चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन तुकडे, होतात. एखाद्या प्रोग्रामने ते सुटे सुटे धरले, की अक्षर-अक्षर ऐकताना ए सर्कमफ्लेक्स, युरो, ट्रेडमार्क असं काहीतरी कानावर येतं. तिथे मनात अपॉस्ट्रॉफी धरा आणि पुढे चला.

मराठी मेलमध्ये एवढ्यावर भागत नाही, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. अशा वेळी मी अक्षराचा नंबर ऐकतो; कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर असतो. नमलॉक बंद करून नमपॅडवरचा २ पटापट तीनदा दाबा (लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए की, म्हणजे सहसा इन्सर्ट, आणि पूर्णविराम). 'म'वर २३५० ऐकू आलं तर मजकूर ठणठणीत आहे. तरीही एनव्हीडीए गप्प बसत असेल तर दोष आवाजाचा. कंट्रोल, एनव्हीडीए की आणि एस दाबून ईस्पीक हा बोलणारा प्रोग्राम निवडा आणि मराठी आवाज लावा. २२४ आलं, आणि दर दोन अक्षरांनंतर पुन्हा २२४ येत राहिलं, तर मराठी शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने उघडलंय. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, तेवढं दाबून बघा. सगळीकडे ६३ म्हणजे प्रश्नचिन्हं. मूळ अक्षरं वाटेतच गेली, पुन्हा पाठवायला सांगा.

खरा ताप देतो तो बिनसूचनेचा मेल. आमच्या ऑफिसातून एक परिपत्रक वर्ड फाइलमध्ये आलं. एनव्हीडीए इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा वाचत होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, स्वच्छ मराठीत तर आहे!" त्यांचं खरं होतं. फाइल कृतिदेव या जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप करायला ई, जे, के, शिफ्टसह बी, एच या कळा लागतात. डोळ्यांना 'मराठी' दिसतं, फाइलमध्ये मात्र तीच पाच रोमन अक्षरं असतात, आणि स्क्रीन रीडर फाइलमध्ये जे आहे तेच वाचणार. कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्यात चुकीचं काहीच नाही, मग सूचना कसली देणार?

अशी फाइल आली तर मजकुरावर एनव्हीडीए की आणि एफ दाबा, फॉन्टचं नाव ऐकू येईल. त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारा कन्व्हर्टर नेटवर शोधा आणि मजकूर त्यात टाका. जोडाक्षरं कधीकधी फुटतात, पण अर्थ लागतो. माझ्या परिपत्रकात सुट्ट्यांची यादी होती, तीही अशीच वाचली.