वाचक विचारतात: राळ, टर्पेंटाइन आणि आरतीचा कापूर

प्रश्न: मुलगी म्युझिक कॉलेजात दिलरुबा शिकते. गजाला (वाजवायच्या कमानीला) लावायची राळ संपली तर तिच्या काकांनी सोल्डरिंगच्या सामानातला पिवळा खडा दिला, म्हणाले एकच असतं. खरंच का? आणि ही येते कुठून?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर: ताई, काका बरोबर बोलले, दोन्ही चीडाच्या (पाइनच्या) झाडाचीच राळ, म्हंजे रोझिन. फक्त तो निव्वळ खडाच आहे ना ते बघा, सोल्डरिंगची पेस्ट असेल तर गजाला अजिबात लावू नका, त्यात बऱ्याचदा ग्रीस असतं आणि गज वायाच जाईल. तरी वाद्यासाठीची वेगळी वडी घेतलेली बरी, ती कमी ठिसूळ असते.

आता येते कुठून. हिमाचल-उत्तराखंडात चीडाच्या खोडाला चिरे देतात, खाली भांडं लावतात आणि चिकट डिंक गोळा करतात, तिकडे त्याला लीसा म्हणतात. आधी खोल खाच पाडायचे, झाडं कमकुवत व्हायची, वाऱ्यात मोडायची, म्हणून उथळ व्ही आकाराचे चिरे मारून त्यावर ॲसिडचं पातळ मिश्रण फवारायची पद्धत आली. हा लीसा वाफेवर तापवला की वाफेबरोबर टर्पेंटाइन निघून जातं आणि मागे राळ राहते. 100 किलोतून अंदाजे 70-75 किलो राळ आणि 15-20 किलो टर्पेंटाइन, बाकी पाणी नि कचरा. जितकी फिकट तितकी राळ महाग.

आणि जाते कुठे म्हणाल तर शाई, व्हार्निश, चिकटपट्टीचा गोंद, रस्त्यावरचे गरम करून ओतायचे पांढरे पट्टे, सगळीकडे. पण मला सगळ्यात आवडतो तो कागद. कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळेचा साबण आणि तुरटी घालतात, ही युक्ती जर्मनीतल्या इलिगने 1807 मध्ये छापली. पण तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, म्हणूनच आजोबांच्या वेळची पुस्तकं पिवळी पडून हातात तुटतात आणि त्याहून जुनी हाती बनवलेल्या कागदाची पोथी धड राहते. आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरात असल्या पोथ्या बघायला मिळाल्या तर आवर्जून बघा, मला तर फार वाईट वाटतं त्या पिवळ्या पुस्तकांचं.

हो, एक राहिलं, आयुर्वेदातली राळ ही साल नावाच्या झाडाची, ती वेगळी. गांध्याकडे (जडीबुटीच्या दुकानात) मागताना कशासाठी हवी ते सांगा.

प्रश्न: फाइन आर्ट्सला आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणलं, त्यात डामर (व्हार्निशसाठीची झाडाची राळ) विरघळतच नाही, तळाशी गढूळ चिकटा राहतो. माल भेसळीचा का?
— विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर: भेसळ नाही रे, नावाचा घोळ आहे. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते जास्त करून मिनरल टर्पेंटाइन, पेट्रोलियमपासून रिफायनरीत निघतं आणि झाडाशी त्याचा काही संबंध नाही. डामरला गम टर्पेंटाइन लागतं, आर्टिस्टच्या दुकानात तसंच नाव घेऊन माग. वासावरूनही कळतं, खऱ्याला चीडाच्या जंगलाचा वास असतो आणि मिनरलला रॉकेलच्या जवळचा. खिडकी उघडून काम कर, दोन्ही वास डोक्यात चढतात. तेल लागलेली फडकी गोळा करून ठेवू नकोस, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेतात.

प्रश्न: आजी म्हणते हल्ली कापूर केमिकलचा, देवाला चालत नाही. खरं काय?
— वाचक, मांडवी

उत्तर: आधी कापूर चीन-जपानकडच्या कापराच्या झाडातून यायचा. आता बाजारातला बहुतेक टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून बनतो. पाइनीनचं कॅम्फीन, त्यापासून आयसोबोर्निल ॲसिटेट, मग आयसोबोर्निऑल आणि शेवटी कापूर, असे चार टप्पे. रेणू तोच, फक्त त्याचे उजव्या-डाव्या हातासारखे आरशातले दोन प्रकार असतात, झाडाच्या कापरात एकच प्रकार असतो आणि कारखान्यातल्यात दोन्ही अर्धे अर्धे, जळताना काही फरक पडत नाही. तेव्हा आजींना सांगा की हा पण झाडाचाच, फक्त झाड चीडाचं, आणि मधे कारखाना आहे हे त्यांचं म्हणणंही खरंच. डबी मात्र उंचावर ठेवा, लहान मुलांनी कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, तसं झालं तर घरचे उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.